दवाखान्याच्या स्वयंपाकघरातल्या मावश्यांना स्वच्छता शिकवायची, सुरुवात कशापासून?

आहार_लातूर:
60 खाटा, स्वयंपाकात 11 जण, निम्म्यांना वाचता येत नाही. सुपरवायझरचं फोस्टॅक (FSSAI चं अन्नसुरक्षा प्रशिक्षण) झालंय. बाकीच्यांना रोज अर्धा तास देता येतो. भात 10 ला शिजतो, वाटप साडेबाराला. उन्हाळ्यात पाणी टँकरचं. आधी काय घ्यावं?

परात_पळी:
ताई, आधी भात. अडीच तासांत तो कोमट होतो. त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू असतो, त्याचे बीजाणू (टणक कवचातलं रूप) उकळीतही मरत नाहीत. भात 60 अंशांखाली आला की ते वाढतात आणि त्यांचं एक विष परत गरम करूनही जात नाही. म्हणून "वाढताना गरम करू" हे चालायचं नाही. भात दोन खेपांत, साडेअकरानंतर लावा. थर्मामीटर पातेल्याच्या मधोमध खुपसायला शिकवा, काठाला नाही. आकडे बहुतेकींना कळतात: 60 च्या खाली गेलं की सांगायचं, बस. थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात 0 दाखवतो का ते बघा. उकळत्या पाण्यात लातूरला 98 च्या आसपास येईल. उंचीमुळे तसं होतं, बिघडला समजू नका.

टाकी_तपासा:
टँकरचं पाणी आलं की क्लोरीन किटने बघा, नळाला किमान 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर हवं. काकडी-कोथिंबीर आधी चांगली धुवा, कारण माती क्लोरीन खाते. मग 10 लिटरच्या बादलीत 5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट 10 मिली, त्यात 5 मिनिटं, नंतर चांगल्या पाण्याने धुणं. उघडी बाटली उन्हात कमजोर होते, छोटी घ्या, सावलीत ठेवा.

आहार_लातूर:
नळीने द्यायच्या पातळ आहाराचं?

परात_पळी:
त्याला मिक्सर वेगळा, चटणीचा नाही. पातं आणि रबरी रिंग रोज काढून घासायची, घाण तिथेच अडकते. केलेलं 2 तासांत संपवा, उरलेलं फेका.
हात धुणं तोंडी सांगू नका. तेलात दालचिनीची पूड कालवून हाताला लावा, नेहमीसारखे धुवायला लावा. नखांत आणि अंगठ्याच्या मागे काय राहिलं ते त्यांचं त्यांनाच दिसतं. हळद नको, तिचा डाग साबणानेही राहतो.

टाकी_तपासा:
एक गोष्ट व्यवस्थापनाशी बोला. जुलाब-उलटी झालेल्या मावशीला, थांबल्यावरही 48 तास, स्वयंपाकात घेऊ नये. पण खाड्याचे पैसे कापले तर ती दुखणं लपवणारच. ते दोन दिवस भरपगारी हवेत.