बंड म्हणावं, उठाव म्हणावा, की आणखी काही?

रात्रपाळी :

एका दिवाळी अंकासाठी ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या १९९० सालच्या गच्छंतीवर लेख लिहितोय आणि एका शब्दापाशी चार दिवस अडकून बसलोय. घटना थोडक्यात अशी. १ नोव्हेंबरला बाईंचे उपपंतप्रधान जेफ्री हाउ यांनी मंत्रिपद सोडलं. १३ तारखेला ते सभागृहात बाईंच्या विरोधात बोलले, तेही क्रिकेटचा दाखला देऊन: सलामीचे फलंदाज मैदानात उतरतात आणि पाहतात तर बॅटी आधीच मोडलेल्या, त्याही कप्तानानंच. मग पक्षातलेच माजी मंत्री मायकेल हेसेलटाइन यांनी नेतेपदासाठी बाईंविरुद्ध रीतसर अर्ज भरला. २० नोव्हेंबरला बाईंच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या खासदारांनी मतदान केलं. बाईंना २०४, हेसेलटाइनना १५२. जास्त मतं पडूनही बाई पहिल्या फेरीत निवडून आल्या नाहीत, कारण नियमानुसार जेवढी आघाडी लागायची तिला चार मतं कमी पडली. दोन दिवसांनी त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं.

पहिल्या खर्ड्यात मी बिनदिक्कत 'थॅचर यांच्याविरुद्ध बंड' लिहून टाकलं. मग वाटलं, पक्षाच्याच नियमांत बसणाऱ्या निवडणुकीला उभं राहणं म्हणजे बंड कसं? 'नेतृत्वाला आव्हान' हा शब्द आहे, पण त्याला तारेवरून आलेल्या बातमीचा वास येतो. कुणी आजीला सांगताना तो वापरणार नाही. सुचवा.

कंदीपेढा :

'उठाव' मुळीच नको. एक तर बाजारात 'मालाला उठाव नाही' म्हणतात तो उठाव माझ्या डोक्यात आधी येतो (घरची भुसारी पेढी, काय करणार). आणि दुसरं म्हणजे या शब्दाला आता प्रतिष्ठा आली आहे. आमच्या आजोबांच्या तोंडी 'सत्तावनचं बंड' असायचं, आमच्या पाठ्यपुस्तकात त्याचा 'उठाव' झाला होता. ज्याला लोकांच्या मनातून मान आहे तो उठाव, आणि सरकारदरबारी ज्याची नोंद होते ते बंड, असा माझा ठोकताळा. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन आधी सुरतेला आणि मग गुवाहाटीला गेले, तेव्हा पहिल्या दिवसापासून सगळीकडे 'शिंदेंचं बंड' हाच मथळा होता. थोड्याच दिवसांत त्यांच्या बाजूचे आमदार मात्र 'बंड नव्हे, उठाव' म्हणू लागले. समोरून 'गद्दार' ऐकू येत होतं. शब्द पाहिला की बोलणारा कुठल्या बाजूचा हे कळत होतं.

जुनी वही :

कंदीपेढा यांच्याशी सहमत, पण खरी ग्यानबाची मेख 'बंड' मध्ये नसून 'बंडखोर' मध्ये आहे. हा '-खोर' फारसीतला, अर्थ 'खाणारा'. लाचखोर लाच खातो, हे सरळ आहे. पण पुढची मंडळी बघा: चुगलखोर, हरामखोर, नफेखोर, भांडखोर, दिवाळखोर. या पंगतीत एकही भला माणूस बसलेला नाही. कष्टखोर किंवा दानखोर कुणी ऐकलाय? म्हणून 'बंडखोर' म्हटलं की माणसाला हे व्यसनच आहे असं वाटतं. उठाव करणाऱ्याला मात्र बोलीत नाव नाही. 'उठावखोर' होत नाही आणि 'उठावकर्ते' पुस्तकातच राहतात. शिवाय 'बंड पुकारलं' म्हणतो, पण 'उठाव पुकारला' कानाला खटकतं. बंडाला पुढारी लागतो, उठाव 'होतो'. त्यामुळे 'आम्ही उठाव केला' म्हणणाऱ्याला दोन फायदे मिळतात. मान तर मिळतोच, आणि हे कुणी एकानं घडवलेलं नाही अशी सोयही होते.

अवांतर: 'विद्रोह' हा शब्द हिंदी वर्तमानपत्रं पक्षातल्या भांडणांना सर्रास लावतात. मराठीत तसं झालं नाही. आपल्याकडे विद्रोही म्हटलं की दलित साहित्य, विद्रोही साहित्य संमेलन डोळ्यांसमोर येतं. तिकीट कापलं गेलेल्या माजी आमदाराला विद्रोही म्हटलं तर लोक हसतील.

रात्रपाळी :

त्याला आपण बंडोबा म्हणतो! पंचवीस वर्षं उपसंपादक होतो. अर्ज मागे घेण्याच्या दिवशी दुपारी तीन वाजले की 'बंडोबांचे झाले थंडोबा' हा मथळा आपोआप हातातून उतरायचा. एका निवडणुकीत आमच्याच अंकात तो दोन पानांवर आला आणि संपादकांनी दोघांनाही झापलं. पण बंडोबाचं भांडण नेत्याशी नसतंच. त्याच्या प्रचारपत्रकावर नेत्याचा फोटो उमेदवारी मिळालेल्याच्या पत्रकापेक्षाही मोठा असतो.

आणि हेच मला खुपतंय. मराठीत नेत्यावर थेट वार करणारा शब्दच सापडत नाही. राज ठाकरे २००५ च्या अखेरीस शिवसेनेतून बाहेर पडले तेव्हा त्यांनी विठ्ठल आणि बडव्यांची उपमा दिली. माझा विठ्ठल चांगला, पण त्याला बडव्यांनी घेरलंय. तेव्हापासून कुणीही नाराज झाला की बडवे हजर. देवाशी भांडण नाही म्हणताना त्याला देव मानणंही चालूच राहतं.

कंदीपेढा :

बाकी शब्दसंपत्ती बघा ना, सगळी गडावरची नाहीतर स्वयंपाकघरातली. सवता सुभा, फितुरी, गद्दारी, खंजीर एकीकडे. वेगळी चूल, रुसवेफुगवे, स्वगृही परतणं दुसरीकडे. मधे एक लहान मुलांचा खेळ: तळ्यात-मळ्यात. म्हणजे पक्ष एक तर राजाचा किल्ला, नाहीतर वडिलांचं घर. दोन्हीकडे वरचा माणूस मतदानानं बदलत नाही.

खंजिराचं तर सालही सांगता येतं. जुलै १९७८ मध्ये शरद पवार वसंतदादा पाटलांच्या मंत्रिमंडळातून आमदार घेऊन बाहेर पडले, सरकार कोसळलं, आणि १८ जुलैला पुलोदचे (पुरोगामी लोकशाही दल या आघाडीचे) मुख्यमंत्री म्हणून त्यांनी शपथ घेतली. वय ३७. 'पाठीत खंजीर खुपसला' हे तेव्हापासून त्यांच्या नावाला जे चिकटलं ते आजतागायत. २०२३ च्या जुलैत पुतण्यानं तेच केलं तेव्हा ४५ वर्षांपूर्वीचा खंजीर पुन्हा सगळ्यांच्या लेखणीत आला.

रात्रपाळी :

गंमत म्हणजे सुऱ्याची भाषा तिकडेही आहे. ज्याच्या हातात सुरा असतो त्याच्या डोक्यावर मुकुट चढत नाही, अशा अर्थाचं वाक्य हेसेलटाइन यांच्याच नावावर आहे. आणि झालंही तसंच, मुकुट गेला जॉन मेजर यांच्याकडे. आपल्याकडे ७८ सालात, २०२२ सालात सुरा आणि मुकुट एकाच हाती.

मांडवीकाठी :

आमच्या गोव्यात बंड वगैरे शब्द फारसे कानावर येत नाहीत, कारण बंडाला निदान काही दिवस तरी लागतात. इथे सकाळी काँग्रेस, दुपारी भाजप. जुलै २०१९ मध्ये १५ पैकी १० आमदार गेले, सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८. आकडे बघितलेत? दोन्ही वेळी निदान दोन तृतीयांश. याला 'विलीनीकरण' म्हणतात.

हे कायद्यानं घडवलेलं आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात 'फूट' हा अधिकृत शब्द होता. एक तृतीयांश आमदार फुटले तर ते वाचायचे. २००३ च्या घटनादुरुस्तीनं ती सवलत काढली, उरलं फक्त विलीनीकरण, तेही दोन तृतीयांश आमदार असतील तरच. तेव्हापासून 'आम्ही फुटलो' असं कबूल करणं म्हणजे आमदारकी स्वतःच्या हातानं पणाला लावणं. म्हणून तुमच्याकडे २०२२ ला कुणी फुटलंच नाही, दोघेही 'मूळ पक्ष'! मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट केलं की फुटीचा बचाव आता उरलेला नाही. 'उठाव' शब्द आवडण्यामागे प्रतिष्ठेइतकाच वकीलही असावा.

आणखी एक. त्या आठ जणांनी निवडणुकीआधी देवळात, चर्चमध्ये, दर्ग्यात जाऊन पक्ष न सोडण्याची शपथ घेतली होती. सोडताना त्यांच्यातले माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी सांगितलं की देवाला विचारूनच निर्णय घेतला. आमच्याकडे देवाला कौल लावतात, मतदारही कौलच देतो. शब्द एकच. कुठला कौल कधी मानायचा एवढाच प्रश्न.

सिडनीकर :

रात्रपाळी, तुमची अडचण आम्हाला इथे २०१० ते २०१८ मध्ये दर दोन-तीन वर्षांनी यायची. ऑस्ट्रेलियात याला 'स्पिल' (शब्दशः 'सांडणं') म्हणतात, म्हणजे नेतेपद रिकामं जाहीर करून खासदारांनी पुन्हा मतदान करायचं. पंतप्रधानच बघा: २०१० ला केव्हिन रड जाऊन जुलिया गिलार्ड, २०१३ ला गिलार्ड जाऊन रड, २०१५ ला अॅबट हरले आणि टर्नबुल आले (५४ विरुद्ध ४४), २०१८ ला टर्नबुल जाऊन मॉरिसन. सगळं एका सकाळी किंवा संध्याकाळी. रिसॉर्ट नाही, बस नाही, कुणी 'नॉट रिचेबल' नाही. आमच्या गणपती मंडळात याला मराठी शब्द आहे: सांडलवंड. 'कॅनबेऱ्यात परत सांडलवंड झाली' म्हटलं की सगळ्यांना कळतं. दिवाळी अंकात चालेल का, माहीत नाही.

जुनी वही :

सांडलवंड झकास! पण तो शब्द चालायला आधी भांडं हवं. आपल्याकडे विधिमंडळ पक्षाची बैठक होते, निरीक्षक येतात, 'नेता निवडीचे अधिकार पक्षश्रेष्ठींना' असा एका ओळीचा ठराव होतो, टाळ्या वाजतात. एक ओळ. ज्या गोष्टीला आपण एकच ओळ देतो तिच्यासाठी शब्द कुठून येणार? रात्रपाळी, तुमचा शब्द कोशात शोधू नका, तो अजून घडायचाय.

रात्रपाळी :

पटलं. तर असं करतो. हाउ यांचा राजीनामा आणि भाषण, तिथे 'बंड' ठेवतो. ते मंत्रिमंडळातून बाहेर पडून केलेलं होतं, शोभतं. हेसेलटाइन यांच्यासाठी साधं, 'नेतेपदाच्या निवडणुकीला बाईंविरुद्ध उभे राहिले'. लांब आहे, पण आजीला कळेल.

कंदीपेढा :

म्हणजे हेसेलटाइनना बंडोबा म्हणता येणार नाही?

रात्रपाळी :

छे! बंडोबा तो, ज्याला नंतर एखादं महामंडळ देऊन गप्प करतात.

जुनी वही :

मेजर यांनी पंतप्रधान झाल्याबरोबर त्यांना पर्यावरण खातं दिलं होतं.

रात्रपाळी :

मग म्हणतो.