'प्रॉडक्शन डिझायनर'ला नेपथ्यकार म्हणावं का?

मृण्मयी_नाशिक
माझा भाचा आणि त्याचे तीन मित्र, सगळे नववीतले, सोसायटीच्या दिवाळी हस्तलिखितासाठी लेख लिहितायत. विषय त्यांनीच निवडला: 'बियाँड द स्पायडर-व्हर्स', म्हणजे स्पायडर-मॅनच्या ॲनिमेशन मालिकेचा तिसरा भाग, कोण बनवतंय. सिनेमा यायचाय जून २०२७ मध्ये, पण पोरांना माणसं आत्ताच तोंडपाठ आहेत. दिग्दर्शक दोघं, बॉब पर्सिकेटी आणि जस्टिन के. थॉम्प्सन. लेखन-निर्मितीत फिल लॉर्ड आणि ख्रिस्तोफर मिलर ही जुनी जोडी.
अडलंय एका वाक्यापाशी. "थॉम्प्सन २०१८च्या पहिल्या भागाचे प्रॉडक्शन डिझायनर होते, दुसऱ्या भागापासून दिग्दर्शक झाले." शुद्धलेखन बघताना मी 'प्रॉडक्शन डिझायनर' खोडून 'नेपथ्यकार' केलं. माझ्या बाबांनी ते वाचलं आणि लाल पेनाने पुन्हा खोडलं. बाबांनी बरीच वर्षं राज्य नाट्य स्पर्धेतल्या नाटकांची नेपथ्यं उभी केलीयत. ते म्हणाले, "नेपथ्य म्हणजे लाकूड, कापड, खिळे. जिथे हातोडी लागत नाही तिथे नेपथ्य कसलं?"
भाचा म्हणतो 'कलादिग्दर्शक' लिही. पण त्याच सिनेमात आर्ट डायरेक्टर वेगळे आहेत! पॅट्रिक ओ'कीफ पहिल्या भागात आर्ट डायरेक्टर होते, दुसऱ्यात प्रॉडक्शन डिझायनर झाले. दोन पदं आणि मराठीत शब्द एकच, असं कसं चालेल? रविवारपर्यंत मजकूर द्यायचाय. काय लिहू?

फळीवाला
तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं मला पटतं. मी पंचवीस वर्षं विंगेत काढली. सरसात कालवलेल्या रंगाचा वास, ओला फ्लॅट, म्हणजे चौकटीवर ताणलेली कापडी भिंत, टेकवून ठेवणं, तिसऱ्या अंकाच्या बदलात अंधारात हात लावून लेव्हल, म्हणजे चौथरा, कुठे आहे ते ओळखणं, हे सगळं मिळून नेपथ्य. नेपथ्य पडतं, डगमगतं, टेम्पोत बसत नाही म्हणून मधोमध कापावं लागतं. एका गावी नाट्यगृहाचं मागचं दार आमच्या फ्लॅटपेक्षा वीतभर लहान निघालं आणि देवघराची अख्खी भिंत आम्ही भर पावसात करवतीने कापली. पडद्यावरच्या चित्राला हा शब्द दिला की आमच्या कामाचं वजन जातं असं मला मनापासून वाटतं.

वाग्विलास
भावना समजतात, पण शब्दाचा इतिहास वेगळा आहे. संस्कृतात नेपथ्य म्हणजे लाकूडकाम नव्हेच. नेपथ्य म्हणजे वेश, रंगवणं-नटवणं आणि ते जिथे होतं ती पडद्यामागची जागा. शाकुंतलाच्या सुरुवातीला सूत्रधार नटीला म्हणतो की नेपथ्यविधान आटोपलं असेल तर इकडे ये. तिथे कुणी फ्लॅट ठोकत नव्हतं, नटी तयार होत होती. म्हणून मृण्मयीताईंचा शब्दच बरोबर. सगळं काही पडद्यामागे बसून रचणाऱ्या माणसाला नेपथ्यकार म्हणायचं नाही तर कुणाला?
व्युत्पत्ती माझ्या आजोबांनी सांगितलेली: नेत्र अधिक पथ्य, डोळ्यांना हितकर ते नेपथ्य.

अक्षरओळख
वाग्विलासजी, नेत्र + पथ्य हे ऐकायला गोड आहे, पण 'त्र' गेला कुठे? अशी फोड करायची तर 'नेता' धरून 'नायकाला पथ्यकर' अशीही करता येते. अर्थ आधी ठरवायचा आणि मग शब्द तोडायचा, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत.

वाग्विलास
माझे आजोबा संस्कृतचे शिक्षक होते.

अक्षरओळख
त्यांच्याबद्दल आदरच आहे हो. फोड मात्र पटत नाही.

सदाशिव_पेठी
सावरकरांनी दिलेल्या शब्दांच्या याद्या फिरतात त्यांत चित्रपट, बोलपट, दिग्दर्शक, मध्यंतर यांच्यासोबत नेपथ्यही असतं. म्हणजे सिनेमासाठीच आलेला शब्द आहे तो. त्यावर फक्त रंगभूमीचा हक्क कसा?

अक्षरओळख
शब्द कालिदासाकडे आहे हे वरच आलंय. तेव्हा 'दिलेला' म्हणजे फार तर जुना शब्द नव्या कामाला लावलेला. आणि मराठीने त्यातला वेश बाजूला काढून दृश्य तेवढं ठेवलं, हे सगळ्यात महत्त्वाचं. आज स्पर्धेत बक्षिसं बघा: नेपथ्य वेगळं, वेशभूषा वेगळी, रंगभूषा वेगळी, प्रकाशयोजना वेगळी. कालिदासाचं नेपथ्य आपण तीन-चार जणांत वाटून टाकलंय. आता ते परत एकाच्या पदरात घालता येणार नाही.

कीफ्रेम
व्हँकुव्हरहून लिहितोय. इथे एका स्टुडिओत लायटिंग करतो. प्रॉडक्शन डिझायनर नेमकं काय करतो ते सांगतो, मग शब्द शोधा.
ॲनिमेशनमध्ये आयतं काहीच नसतं. खऱ्या रस्त्यावर कॅमेरा लावला की आकाश फुकट मिळतं. आमच्याकडे आकाशसुद्धा कुणीतरी ठरवावं लागतं. ते जग कसं दिसेल, रेषा जाड की बारीक, सावलीत रंग भरायचा की ठिपके, हे ठरवणारा माणूस प्रॉडक्शन डिझायनर. स्पायडर-व्हर्सच्या पहिल्या भागात जुन्या स्वस्त छपाईसारखे ठिपके आहेत आणि कडेला रंग जरासा सरकलेला आहे, ठसा चुकल्यावर सरकतो तसा. तो दोष मुद्दाम ठेवलाय. दुसऱ्या भागात ग्वेन या पात्राचं जग जलरंगाचं आहे. तिचं मन बदलतं तशी खोलीची भिंत रंग बदलते, ओघळते. वडिलांशी बोलतानाचा तो प्रसंग परत बघा, भिंतीकडे लक्ष ठेवून.
आर्ट डायरेक्टर हे ठरलेलं जग प्रत्येक प्रसंगात, प्रत्येक वस्तूत उतरतंय का ते बघतो. एकाने घराची रीत घालून द्यायची, दुसऱ्याने ती रोज पाळून घ्यायची.
आमच्याकडे 'कलर स्क्रिप्ट' म्हणून एक प्रकार असतो. अख्खा सिनेमा पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चित्रांत, ओळीने, फक्त रंग. लांबून पाहिलं तर पट्टेरी गोधडी. कुठे दुःख आहे ते गोष्ट न वाचता कळतं. याला मराठीत काय म्हणाल?

मृण्मयी_नाशिक
कीफ्रेमदादा, हे सगळं भाच्याला वाचून दाखवलं. तो लगेच ग्वेनचा प्रसंग लावून बसलाय. कलर स्क्रिप्टला 'रंगपटकथा'?

सदाशिव_पेठी
'रंगसंहिता' जास्त चांगलं.

फळीवाला
'घराची रीत' हे वाचून मी थोडा नरमलो. आमच्याकडेही असे होते. द. ग. गोडसे नेपथ्य आणि वेशभूषा दोन्ही बघायचे, म्हणजे भिंतीचा रंग आणि शालूचा रंग एकाच डोक्यातून यायचा. त्यांना आम्ही नेपथ्यकारच म्हणत आलो.

वाग्विलास
मग माझंच म्हणणं सिद्ध झालं!

फळीवाला
तसं नाही. गोडश्यांच्या डोक्यातलं शेवटी कुणीतरी ठोकून उभं करायचं.

कोल्हापुरी_ब्रश
तुम्ही सगळे पुण्या-नाशकात अडकलाय. जरा इकडं बघा की. बाबुराव मेस्त्री आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. त्या पडद्यांनी एवढं नाव झालं की मेस्त्री मागं पडलं आणि बाबुराव 'पेंटर' झाले. इंग्रजी शब्द आडनाव म्हणून मिरवला, अख्ख्या कोल्हापुरानं मिरवला, आणि मराठीचं काही बिघडलं नाही. चित्रकार म्हणा असं कुणी सांगायला गेलं नाही.
त्यांच्याच हाताखाली तयार झाले साहेबमामा फत्तेलाल आणि दामले. १९२९ला त्यांनी शांतारामबापूंबरोबर प्रभात काढली. फत्तेलाल प्रभातचे कलादिग्दर्शक, आणि १९३६चा 'संत तुकाराम' दामले-फत्तेलालांनी दिग्दर्शित केला. आता मृण्मयीताईंचं वाक्य परत वाचा: जो आधी जग रंगवत होता तोच पुढं दिग्दर्शक झाला. थॉम्प्सनचं कौतुक आहेच, पण ही वाट आमच्याकडं नव्वद वर्षांपूर्वी मळलेली आहे. पोरांच्या लेखात हे एक वाक्य घाला, माझी विनंती आहे.
आणि शब्द? 'प्रॉडक्शन डिझायनर' असाच ठेवा. पेंटर चालतो तर डिझायनर का नको?

वाग्विलास
पेंटर हे एका माणसाचं नाव झालं, पदाचं नाही. तुमच्या या न्यायाने उद्या दिग्दर्शकाला डायरेक्टर म्हणतील. म्हणतातच. आणि जिथे म्हणत नाहीत तिथे भाषांतराची यंत्रं 'संचालक' करून ठेवतात. मागच्या महिन्यात एका बातमीत "चित्रपटाचे संचालक" वाचलं आणि पेपर मिटवून ठेवला. दिग्दर्शकासारखा शब्द शंभर वर्षांत रुळतो आणि आपण दहा वर्षांत घालवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

तालीम
दिग्दर्शकही काही पहिल्यापासून नव्हता. संगीत नाटकाच्या काळात हे काम करणारा 'तालीममास्तर' होता. गोविंद बल्लाळ देवलांना नाटककाराइतकंच तालीममास्तर म्हणूनही मानत. 'तालीम' अरबी, 'मास्तर' इंग्रजी. त्या शब्दात मला गड्याचा घाम दिसतो, दिग्दर्शकात बोट दाखवणारा माणूस दिसतो.

अक्षरओळख
आता दिग्दर्शकाचा विषय निघालाच आहे तर माझी अडचण. केम्प पॉवर्स हे स्पायडर-व्हर्सच्या दुसऱ्या भागाच्या तीन दिग्दर्शकांपैकी एक. वाकिम दोस सांतोस, पॉवर्स आणि थॉम्प्सन, तिघं सारख्या मानाचे. त्याआधी 'सोल' या सिनेमात पॉवर्स को-डायरेक्टर होते आणि पीट डॉक्टर दिग्दर्शक. तिकडे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत: को-डायरेक्टर एक पायरी खाली. मराठीत दोन्हीला 'सहदिग्दर्शक' लिहिलेलं मी पाहिलंय. काही जण तर 'सहाय्यक' आणि 'सह' एकच समजतात. दामले-फत्तेलालांना कुणी सहदिग्दर्शक म्हणतं का? मधे एक आडवी रेघ, बस्स.

कोल्हापुरी_ब्रश
तीच रेघ पर्सिकेटी-थॉम्प्सनमध्ये द्यायची. काम झालं.

खारेदाणे
उशिरा आले, पण मुळातच एक प्रश्न. तुम्ही सगळे 'ॲनिमेशन' बिनदिक्कत लिहिताय आणि भांडताय डिझायनरवरून. सचेतपट हा शब्द आहे की! तो का नाही वापरत?

तालीम
सचेतपट म्हटलं की बाकीचे अचेत वाटतात. फाळक्यांनी १९१५ मध्ये काड्या हलवून छोटा पट केला, त्याचं नाव 'आगकाड्यांची मौज'. काड्यांना जिवंत करायचं ते करून झाल्यावर त्यांना सुचलेला शब्द 'मौज' होता.

खारेदाणे
ते त्या पटाचं नाव झालं, प्रकाराचं नाही. 'मौजपट' म्हणणार का तुम्ही?

कीफ्रेम
माझी आई मी काय करतो ते सांगताना "कार्टूनमध्ये दिवे लावतो" म्हणते. मला ते आवडतं.
वेताळाची आठवण कुणालाच नाही का? मुंबॅटनचं, म्हणजे पवित्र प्रभाकर या भारतीय स्पायडर-मॅनच्या गावाचं रूप ठरवताना दुसऱ्या भागाच्या चमूने इंद्रजाल कॉमिक्स समोर ठेवली होती. तेच इंद्रजाल मराठीतही यायचं, आणि त्यात फँटम या नायकाचं नाव 'वेताळ' होतं. कुणी 'भूत' केलं नाही, 'फँटम'ही ठेवलं नाही. नुसता शब्द बदलला नाही त्यांनी, गावच्या वेशीवरचा माणूस आणून बसवला. मला वाटतं असा शब्द मिळाला तरच बदलावा. नाही मिळाला तर इंग्रजी राहू द्यावा, त्यात लाज नाही.

वाग्विलास
वेताळ हे माझ्या बाजूचं उदाहरण आहे, तुमच्या नव्हे. कुणीतरी बसून शोधला म्हणून मिळाला. 'राहू द्यावा' म्हणणाऱ्याला मिळाला नसता.

कीफ्रेम
हे मान्य. खरंच मान्य.

मालवणचो_झील
आमच्या दशावतारात एक बाकडं असतं. राजा बसला की सिंहासन, उठून गेला की रान. सगळं नेपथ्य त्या बाकड्यात आणि बघणाऱ्याच्या डोळ्यात. तेव्हा हातोडी लागते की नाही यावर नेपथ्य ठरत नाही, फळीवाले काका. तसंच मुंबॅटन. लाकूड नाही, पण मी तिथे जाऊन आल्यासारखं वाटलं. दुसरा भाग मी मराठीत बघितला, थेटरात आम्ही सहा जण होतो.

फळीवाला
बाकडं कुणीतरी रंध्याने साफ केलेलं असतं ना.

सदाशिव_पेठी
हॉलिवूडमध्येही 'प्रॉडक्शन डिझायनर' हा शब्द काही पहिल्यापासून नव्हता. १९३९ मध्ये विल्यम कॅमेरॉन मेन्झीसना 'प्रॉडक्शन डिझाइन्ड बाय' असं श्रेय दिलं, कारण आर्ट डायरेक्टर म्हणणं अपुरं पडत होतं. ऑस्करमध्ये तर तो विभाग ८४व्या सोहळ्यापर्यंत आर्ट डायरेक्शनच होता. म्हणजे त्यांनाही शब्द पुरला नाही तेव्हा त्यांनी नवा केला. आपणही करू. 'रूपसंकल्पक' कसं वाटतं?

खारेदाणे
रूपसंकल्पक म्हणजे मला मेकअपवाला वाटला.

अक्षरओळख
'दृश्यसंकल्पक'?

वाग्विलास
संकल्पक हा शब्द आता सत्काराच्या पत्रिकेवर छापतात. नको.

मृण्मयी_नाशिक
सगळ्यांचे आभार, पण शनिवार रात्र झालीय आणि माझ्याकडे अजून शब्द नाही. बाबांना सगळी चर्चा मोठ्याने वाचून दाखवली. बाकड्यापाशी थांबले, बाकी काही बोलले नाहीत. मग भाच्याला घेऊन बसले आणि ग्वेनचा भिंतीचा प्रसंग दोनदा बघितला. म्हणाले, "रंग ओला ठेवलाय."
पोरं म्हणतायत त्या शब्दाची जागा मोकळी सोडू आणि पानाच्या कडेला जलरंगाचा ओघळ काढू. संपादक काकू मोकळी जागा चालवून घेणार नाहीत. पुन्हा विचारते: नेपथ्यकार की प्रॉडक्शन डिझायनर?

फळीवाला
तुमच्या बाबांना विचारा, ते पडद्याला सरस घालायचे की डिंक? आमच्याकडे डिंकाचा रंग महिन्याभरात पापुद्रे धरायचा.

कोल्हापुरी_ब्रश
सरस. पण पातळ, आणि कोमट असतानाच लावायचा. गार झाला की ब्रश ओढतो.