बोंडअळी आणि कपाशी एकमेकींना घडवतात का?

कापूसकरी, चोपडा:
नमस्कार मंडळी. 2002 साली बीटी वाण, म्हणजे बोंडअळीला मारणारे विष स्वतःच्याच अंगात तयार करणारी कपाशी आली, तेव्हा आमच्या काळ्या जमिनीत सुरुवातीची काही वर्षे बोंडे स्वच्छ फुटत होती. आता बोंड फोडले की शेंदरी अळी सरकी पोखरताना दिसते. दोन जाती परस्परांची उत्क्रांती घडवतात, त्याला सहउत्क्रांती म्हणतात, असे वाचनात आले. माझ्या शेतात झाले ते हेच का?

जीवशास्त्र शिक्षिका, जळगाव:
दादा, माझ्या मते हे निम्मेच झाले. बीटीच्या विषाला दाद न देणाऱ्या मोजक्या अळ्या तगल्या, त्यांचीच प्रजा वाढली, म्हणजे अळी बदलली. कपाशीला मात्र उत्तर देता आले नाही, कारण हल्ल्यातून तगलेल्या झाडाची सरकी आपण पुढच्या वर्षी पेरत नाही, नवे पाकीट आणतो. सहउत्क्रांतीत बदल दोन्हीकडून व्हावा लागतो.

जुन्या देवघेवीच्या खुणा मात्र कपाशीच्या अंगावर आहेत. पान उन्हासमोर धरून पाहा, बारीक काळे ठिपके दिसतील. त्या ग्रंथींत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते, ज्याने अनेक किडी दूर राहतात. हिरव्या बोंडअळीकडे मात्र ते बऱ्याच अंशी निकामी करणारी विकरे आहेत. पान उलटले तर मधल्या शिरेवर छोटा खळगा सापडेल, त्यातून गोड रस पाझरतो आणि त्यासाठी आलेल्या मुंग्या पानावरच्या किडींनाही सोडत नाहीत.

सातपुडा पायथा, यावल:
दोन्हीकडचा बदल पाहायचा असेल तर नाल्याकाठचे उंबर फोडावे. उंबराचे फूल कुणाला दिसत नाही, कारण शेकडो फुले फळाच्या आतच असतात. इवल्याशा तोंडातून मादी गांधीलमाशी आत शिरते, त्यात तिचे पंख तुटतात. सोबत आणलेले पराग ती फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर फळ कुरतडून वाट करतात, तेव्हा माद्या पराग घेऊन बाहेर पडतात. उंबराला दुसरा परागवाहक नाही आणि या माशीला दुसरे घर नाही.

कापूसकरी, चोपडा:
मनापासून आभार. बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर बीटी बियाणे मिळायचे, ते आम्ही कधी लावलेच नाही. त्याचा याच्याशी संबंध होता का?

जीवशास्त्र शिक्षिका, जळगाव:
थेट संबंध होता. त्या बिगर बीटी झाडांच्या ओळींवर विषाला बळी पडणारे पतंग जगावेत, प्रतिकारक पतंगांशी त्यांचा संकर व्हावा आणि हा प्रतिकार बहुतांशी अप्रभावी गुण, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणारा, असल्याने ती संतती बीटीवर मरावी, अशी ती योजना होती. शेंदरी अळी जवळजवळ कपाशीवरच जगते, त्यामुळे बांधाशेजारच्या तुरीत किंवा हरभऱ्यात असे पतंग तयार होत नाहीत. त्यातच फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही उभे राखलेले पीक, ठेवली की तिला हंगामाबाहेरही खाद्य मिळते आणि तगलेल्यांच्या आणखी पिढ्या निघतात. यंदा वेचणी संपताच पऱ्हाटी उपटावी, फरदड घेऊ नये, ही कळकळीची विनंती.