जॅकी मुंबईपर्यंत आला. आपल्यापर्यंत कसा पोचला? (अनुभव धागा)

२०१७ च्या २३ जानेवारीला जॅकी चॅन मुंबईत उतरला. घ्यायला सोनू सूद हजर. मग पत्रकार, कॅमेरे, कपिल शर्माचा शो, सलमान खानची भेट, आणि पाहुणे परत. ३ फेब्रुवारीला त्याचा नवा पिक्चर 'कुंग फू योगा' आपल्याकडे लागला. चीनमध्ये तो त्यांच्या नववर्षाला, २८ जानेवारीला आला होता. म्हणजे आठवड्याभरात इकडे! पूर्वी त्याचा पिक्चर आपल्या तालुक्याला यायचा तोवर त्याचे पुढचे दोन काढून झालेले असायचे.

पण प्रमोशनचा दौरा म्हणजे मुंबई. नागपूरसुद्धा यादीत नसतं, तिथं दारव्हा, वरूड, पवनीचं नाव कोण घेतो? आमच्या बसस्टँडवर जॅकीचं एक पोस्टर नाही. जी जीप फिरते तिच्यावर झेडपीच्या उमेदवाराचा भोंगा. तरी गावातल्या पोट्ट्यांना पिक्चर कोणत्या शुक्रवारी लागतो ते पाठ होतं. कसं काय, तेच इथं गोळा करू.

'मस्त', 'टाइमपास' एवढं लिहून पळू नका. जॅकी पहिल्यांदा कुठं पाहिला, यंदाचा दौरा कशावर पाहिला, पिक्चरसाठी कुठवर जावं लागलं, सोबत कोण होतं, ते लिहा. वर आपल्या गावाचं नाव टाका. वऱ्हाडीत लिहा, झाडीबोलीत लिहा. गोष्ट फोडू नका म्हणणार होतो, पण या पिक्चरात फोडण्याजोगं फार काही नाही.

माझं आधी सांगतो. गणपतीत वर्गणी काढून तालुक्याहून व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्यानं आणायचो. पहिली कॅसेट देवाधर्माची, ती बायामाणसांसाठी. दुसरी हिंदी मारामारीची. जॅकीचा नंबर मध्यरात्रीनंतर, लेकरं झोपल्यावर. कॅसेट डब केलेली नसायची, कोणाला एक शब्द कळत नसे. मग गावातल्या शिंप्याचा पोरगा टीव्हीशेजारी उभा राहून वऱ्हाडीत सांगायचा, "हे थो मालक हाय, जॅकीचा पगार देऊन नाही रायला." सगळी गोष्ट त्याच्या मनची. पुढं मी तोच पिक्चर हिंदीत पाहिला, तर मालकही नव्हता आणि पगारही नव्हता. शिंप्याच्या पोराची गोष्ट जास्त चांगली होती, हे आजही माझं मत आहे.

कळंब, जि. यवतमाळ

मी शेतकरी मानूस, लिवतो तसं वाचा. तूर घेऊन मार्केटात गेल्तो. यंदा तूर भल्ली झाली अन् म्हनूनच भाव पडला. २०१६-१७ चा हमीभाव क्विंटलले ५०५०, अन् व्यापारी त्याच्या खालीच बोलते. खरेदीच्या काट्यावर नंबर लावला त तिथं बारदाना नाही. पोट्टं संग होतं, बारावीतलं. थे म्हने, "बाबा, रातभर पोत्याईवर बसून काय करता, जॅकीचा नऊचा शो हाय." पोत्याईपाशी पुतन्याले बसोलं अन् आमी गेलो.

मले वाटलं कराटे-बिराटे असन. त घ्या, मोटारीत मांगच्या सीटवर सिंह! जॅकी गाडी चालोते अन् सिंह त्याच्या मानीपाशी थोबाड आनते. पोट्टं इतकं हासलं का म्होरच्या लायनीतला मानूस वळून पाहे. नोटबंदीपासून आमच्या घरात असं कोनी हासलं नोयतं. वापस येताना पोट्ट्यानं सांगतलं का थो बासष्ट वर्साचा हाय. मी म्हटलं, असन बाप्पा. आमच्या गावात बासष्टीतला मानूस वट्ट्यावर बसून गुडघे चोयते.

दुसऱ्या रोजी बी आमचा नंबर लागला नाही, थे सोडा.

वरूड, जि. अमरावती

मी बीएस्सीला आहे. दौऱ्याचं म्हणाल तर आम्ही तो संत्र्याच्या बागेत बसून पूर्ण पाहिला. सध्या मृग बहाराची तोडणी सुरू आहे. दुपारी मजूर भाकरीला बसले की मोबाइल क्रेटला टेकवून ठेवायचा. जिओचं नेट २०१७ च्या ३१ मार्चपर्यंत फुकट होतं, पण दिवसाला १ जीबीच. एकाचं नेट संपलं की दुसऱ्याचं सिम. विमानतळ एकाच्या मोबाइलवर, पत्रकार परिषद दुसऱ्याच्या, असं तुकड्या-तुकड्यांनी. तोडणीच्या आजीबाई विचारायच्या, "आज काय केलं रे त्यानं?" जसा काही सोयऱ्याचा पाहुणा आलाय.

माझ्या वयाच्या पोरांना जॅकी आधी कार्टूनमधून भेटला. त्यातही तो पुरातत्त्ववाला, जुन्या वस्तूंमागे फिरणारा, आणि त्याचा तो चिडका अंकल. नव्या पिक्चरात तो पुरातत्त्वाचा प्रोफेसर आहे, नावही जॅक. आम्हाला वाटलं कार्टूनच माणसांचं करून दिलंय. हे मी कौतुकानं म्हणतोय.

काटोल, जि. नागपूर

वरच्या सगळ्यांनी एक गोष्ट सोडली. या पिक्चरात आपला माणूस आहे. सोनू सूद मूळचा पंजाबातल्या मोग्याचा, पण इंजिनिअरिंग त्यानं नागपुरात केलं, यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकीत, हिंगण्याकडच्या वानाडोंगरीला. मी त्याच कॉलेजातून निघालो, बऱ्याच वर्षांनी मागून. होस्टेलच्या पोरांना विचारा, कोणत्या टपरीवर तो चहा प्यायचा याच्या दहा वेगवेगळ्या टपऱ्या सांगतील. प्रत्येक टपरीवाला खात्रीनं सांगतो, इथंच.

म्हणून विमानतळावरचा तो व्हिडिओ पाहताना मला जॅकीपेक्षा सोनूचंच वाटत होतं. ज्यानं वानाडोंगरीच्या उन्हात सबमिशनच्या फाइली वागवल्या, तो आज यजमान आहे. पिक्चरात तो व्हिलन, खजिन्यावर वारसा सांगणारा राजघराण्यातला. आमच्या शोला त्याच्या एंट्रीला शिट्ट्या पडल्या, जॅकीच्या एंट्रीला कमी. शेवटी दोघांची हाणामारी ऐन रंगात असते, आणि मधेच सगळे नाचायला लागतात. नाच फराह खाननं बसवलाय. नाच वाईट नाही हो, पण मारामारी कोण जिंकलं ते सांगा ना आधी!

(धागाकर्ता: हाच प्रश्न आमच्याकडे चार जणांनी विचारला. उत्तर कोणाकडेच नाही.)

हिंगणघाट, जि. वर्धा

मी पिक्चर पाहिलेला नाही, फक्त कपिलचा शो पाहिला. चालेल ना? सासूबाई सोबत होत्या. त्यांना नाव येत नाही, 'तो पडणारा' म्हणतात. केबलवर त्याचं काही लागलं की देवपूजा आवरती घेतात. त्यांचं म्हणणं, आपले हिरो मारतात तेव्हा त्यांना काही लागत नाही, याला लागतं आणि हा हात झटकतो, म्हणून खरा वाटतो. मला यापुढे काही लिहायचं नाही, समीक्षा झाली.

अचलपूर, जि. अमरावती

बाई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मी टॉकीजात ऑपरेटर होतो, कार्बनच्या कांड्या जाळून पडदा उजळायचो त्या काळचा. टॉकीज बंद पडली, आता तिथं लग्नं लागतात.

जॅकीचे पिक्चर आमच्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत येत. पेटी एस.टी.च्या टपावरून यायची. प्रिंट एवढी झिजलेली की पडद्यावर कायम पाऊस. जाहिरातीला एक सायकलरिक्षा, दोन्ही बाजूंना पाट्या, आत भोंगा घेतलेला माणूस. त्याला फक्त एवढंच सांगून ठेवलं होतं, की 'खुद मार खाणारा, खुद कूदणारा' म्हण. बाकी तो मनानं जोडायचा.

आता मुद्द्याचं. पडद्यावर नावं सुरू झाली की पब्लिक उठतं, आम्ही दरवाजे उघडतो, हा कायदा. जॅकीच्या पिक्चरला तो चालायचा नाही. नावांसोबत तो कुठं कुठं चुकला, कुठं आपटला ते दाखवायचे. ते पाहायला लोक खुर्च्यांवर उभे राहत. 'आर्मर ऑफ गॉड' म्हणून १९८७ चा पिक्चर आहे, खजिना शोधायचाच. त्याच्या शूटिंगला युगोस्लाव्हियात तो झाडाकडे उडी मारताना खाली दगडावर पडला, कवटी फुटली, कानातून रक्त आलं. तेही शेवटी दाखवलं आहे. एवढा दंगा करणारं पब्लिक त्या वेळी एकदम गप्प व्हायचं, आणि मला मशीनचा आवाज ऐकू यायचा. एकदा मालकानं पुढच्या शोच्या घाईत शेवटचं रीळ अर्ध्यातून काढायला लावलं. त्या रात्री तिकीट खिडकीची काच गेली. काच कोणी फोडली ते मला माहीत आहे, पण तो आता आजोबा झालाय.

गेल्या नोव्हेंबरात त्याला मानाचा ऑस्कर मिळाला तेव्हा मी पेढे वाटले. घरचे म्हणाले, कोणाचे? म्हटलं, आमच्या धंद्यातल्या माणसाचे.

पवनी, जि. भंडारा

मी इतिहास शिकवते, त्यामुळे थोडी कटकट करणार. पिक्चरची सुरुवात सातव्या शतकात होते. तांग घराण्याचा राजदूत वांग श्वान-त्से भारतात आला होता, हर्षवर्धनाच्या मृत्यूनंतर इथं गोंधळ माजला, त्याच्या पथकावर हल्ला झाला, आणि तो तिबेट-नेपाळचं सैन्य घेऊन परत आला. हे खरंच घडलेलं आहे आणि आपल्या पाठ्यपुस्तकात नाही. इथवर मी खूश होते. मग मगधाचा खजिना, आणि तो शोधायला आइसलँडचा बर्फ, दुबईच्या मोटारी, आणि शेवटी राजस्थान! रस्त्यात गारुडी, दोरीवर चढणारा, हवेत बसलेला साधू. चीनच्या प्रेक्षकाला भारत दाखवायचा तर एवढंच?

पण एक झालं. शाळेतल्या पोरांनी तो पिक्चर कुठून तरी पाहिला (कुठून ते मी विचारलं नाही), आणि वर्गात प्रश्न आला, "मॅडम, पुरातत्त्ववाले खरंच असे मारामारी करतात का?" पवनीच्या पोरांनी हा प्रश्न विचारावा! आपल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली खोदकाम झालं, मोठा बौद्ध स्तूप निघाला, मुचलिंद नागाचं शिल्प निघालं. गावाभोवतीचा जुना तट आणि खंदक तर रोज शाळेत येताना ओलांडतात. शनिवारी सगळ्यांना टेकडीवर नेलं. खुरपी आणि ब्रशनं एकेक थर कसा उलगडतात ते सांगितलं. पोरं जरा हिरमुसली, लाथा नाहीत म्हणून. एकानं मात्र विटेचा तुकडा उचलून विचारलं, "हे किती जुनं?" त्याला म्हटलं, आधी होता तिथं ठेव, मग सांगते.

वडसा, जि. गडचिरोली

आमी झाडीपट्टीवाले. तुमचं गाऱ्हाणं वाचून हासू येते जी. हिरो गावात येत नाही म्हनता? आमच्या इकडे हिरो गावातच येते. दिवाळी झाली का मंडई (गावची जत्रा), अन् मंग होळीपरयंत नाटकं. वडशाले कंपन्याइचे हापिस हायेत, तिथूनच तारखा लागतात. पटावर (बैलाइच्या शर्यतीवर) २०१४ त बंदी आली, तरी नाटक थांबलं नाही. भोंग्याची गाडी दहा गावं फिरते, रातच्याला नाटक चालू झालं का पहाटे कोंबडा आरवला तरी पडदा पडत नाही. टीव्हीवरचे कलाकारबी मुंबईहून येतात. मेकअप पुसून आमच्याच चुलीपाशी चहा पेतात.

म्हनून जॅकीचा दौरा पाहून मले तं त्याचीच दया आली. दोन दिस मुंबईत, सगळा वेळ कॅमेऱ्याच्या म्होरं. त्याले एक रात वडशाच्या पेंडॉलात आना. भाषेची अडचन नाही, पडता येते ना त्याले? आमचं पब्लिक 'वन्स मोअर' म्हनून पाचदा पाडन.

आर्णी, जि. यवतमाळ

धागा वाचून आज तालुक्याला गेलो तर पिक्चर उतरलाय. आठवडाही पूर्ण टिकला नाही. अमरावतीत सुरू आहे का कोणी सांगेल? १६ ला मतदान आहे, सुट्टी आहे, सकाळी बोट काळं करून निघता येईल. आम्ही सात जण आहोत.

(धागाकर्ता: दुपारचा एक शो तरी राहील असं वाटतं. दारव्ह्याहून आम्ही तिघं. एक जीप केली तर होईल.)

आर्णी

जीप मिळेना. सगळ्या प्रचाराला लागल्या आहेत, आणि मतदानाच्या दिवशी तर मतदार आणायला. उमेदवाराच्या गाडीत बसलो तर पिक्चर राहील बाजूला, उतरवतील बूथवर.

कळंब

माहा ट्रॅक्टर हाय. तूर अजून त्याच्यातच हाय, पन थोडी सरकोता येईन. डिझल तुमचं.