पावसाच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचा विमा दावा

सप्रेम नमस्कार.

माझे आईवडील दादरला राहतात. काल रात्रीच्या पावसात हिंदमाता परिसरात उभी असलेली त्यांची गाडी आसनांच्या वरपर्यंत पाण्यात होती. पॉलिसी सर्वसमावेशक आहे, एवढेच वडिलांना ठाऊक आहे. पाणी ओसरल्यामुळे गाडी सुरू करून गॅरेजमध्ये न्यावी, असा शेजाऱ्यांचा आग्रह आहे. दावा कसा दाखल करावा आणि त्यातील किती कामे मला येथून करता येतील, याविषयी मुंबईस परतलेल्या जाणकार सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

एक सभासद, न्यू जर्सी

•

सप्रेम नमस्कार.

हे पत्र वाचताच वडिलांना फोन करावा आणि गाडीला किल्ली लावू नये, असे निक्षून सांगावे. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असताना स्टार्टर फिरवल्यास, पाणी हवेसारखे दाबले जात नसल्यामुळे, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि प्रसंगी संपूर्ण इंजिन निकामी होते. पुराने झालेली हानी सर्वसमावेशक पॉलिसीत येते. मात्र गाडी सुरू केल्यामुळे झालेली इंजिनची हानी विमा कंपनी ‘परिणामी नुकसान’ मानते आणि ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा संरक्षण घेतलेले नसल्यास तेवढी रक्कम नाकारते. सर्व्हेअर म्हणून, म्हणजे विमा दाव्यातील नुकसानीची पाहणी करणारा म्हणून, मी केलेल्या कामात पुराच्या दाव्यांवरील वाद बहुधा याच मुद्द्यावर होत असत, आणि शेजाऱ्यांचा सल्ला त्यांच्या मुळाशी असे.

गाडी हलवण्यापूर्वी नंबर प्लेट आणि दारांवरील पाण्याची रेघ दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत. त्यानंतर कंपनीच्या हेल्पलाइनवर किंवा अ‍ॅपवर आजच कळवून दावा क्रमांक घ्यावा आणि गाडी टो करूनच, शक्यतो कंपनीच्या कॅशलेस यादीतील गॅरेजमध्ये पाठवावी. सर्व्हेअरची पाहणी होईपर्यंत मेकॅनिकला एकही भाग उघडू देऊ नये, कारण एकदा खोललेल्या भागाची मूळ अवस्था सिद्ध करणे फार कठीण जाते.

पॉलिसी वडिलांच्या नावावर असल्यामुळे दाव्याच्या अर्जावर सही त्यांचीच लागेल. आपण त्यांच्याकडून अधिकारपत्र घेतल्यास कंपनीशी पत्रव्यवहार आणि कागदपत्रे पाठवणे ही कामे तेथून करता येतील. पॉलिसी, आरसी, वाहन चालवण्याचा परवाना, गॅरेजचे अंदाजपत्रक, पॅन आणि रद्द केलेला धनादेश इतकी कागदपत्रे बहुधा पुरतात. उभी गाडी पाण्यात बुडाली असेल तर सहसा एफआयआर मागत नाहीत. चोरी झाल्यास किंवा अपघातात कोणी जखमी झाल्यास मात्र तो लागतोच.

रकमेविषयी अपेक्षा माफक ठेवाव्यात. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीस ₹1,000 आणि त्यावरील गाडीस ₹2,000 इतकी सक्तीची वजावट असते. झीरो डेप्रिसिएशन, म्हणजे भागांची घसारा न कापता भरपाई देणारे जादा संरक्षण, नसल्यास रबर व प्लॅस्टिकच्या भागांची निम्मीच किंमत मिळते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत नमूद केलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांपेक्षा जास्त झाल्यास गाडी ‘टोटल लॉस’, म्हणजे पूर्ण नुकसान झालेली, ठरते. आसनांपर्यंत पाणी चढलेल्या जुन्या गाडीच्या बाबतीत, वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक भागांच्या खर्चामुळे, ही शक्यता गृहीत धरूनच चालावे.

दावा नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे आणि प्रथम कंपनीच्याच तक्रार निवारण कक्षाकडे लिहावे. महिनाभरात उत्तर न आल्यास, किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसल्यास, एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांचे मुंबईचे कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेस आहे. तेथे शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही.

एक निवृत्त सर्व्हेअर, मुंबई

•

सप्रेम नमस्कार.

आपले मनःपूर्वक आभार. गाडी सुरू केलेली नाही आणि दावा क्रमांकही मिळाला आहे. पॉलिसीत ‘इंजिन प्रोटेक्ट’ नाही. दावा केल्यास नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाईल म्हणून तो करूच नये, असे वडिलांचे म्हणणे आहे.

एक सभासद, न्यू जर्सी

•

सप्रेम नमस्कार.

बोनस पुढील नूतनीकरणाच्या वेळी शून्यावर येईल, हे खरे आहे. तथापि तो जास्तीत जास्त 50 टक्के असतो आणि तोही हप्त्यातील स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावरच मिळतो. बंपरला ओरखडा आला असता तर मीही वडिलांच्याच बाजूने बोललो असतो. या गाडीसाठी मात्र दावा अवश्य करावा आणि सर्व्हेअरला गाडी सुरू केलेली नसल्याचे लेखी द्यावे.

एक निवृत्त सर्व्हेअर, मुंबई