टर्कीच्या तंगड्या स्लो कुकरमध्ये: हाडाला धरून राहतील अशा कशा शिजवाव्या?

लष्करची आजी

नमस्कार. मी ग्वाल्हेरची, लष्कर भागात दौलतगंजला राहते. लग्न होऊन या घरात आले त्याला ३६ वर्षं झाली आणि तेव्हापासून मटण-कोंबडी माझ्याच हातची असते. पण टर्की घरात पहिल्यांदा आली आहे, म्हणून विचारते.

लेक-जावई आणि ११ वर्षांची नात अमेरिकेहून २३ डिसेंबरला येताहेत. तिकडच्या जत्रांतून आणि मोठ्या खेळबागांतून टर्कीची अख्खी तंगडी कागदात गुंडाळून हातात देतात, ती नातीला फार आवडते. फोनवर म्हणाली, "आजी, तू करशील? आपण मेळ्यात जाताना हातात घेऊन खाऊ." मी करीन म्हटलं. आता तिला बाजारची कोंबडी करून द्यायचं माझ्या मनाला पटत नाही.

भाचा दिल्लीत असतो. त्यानं आयएनए मार्केटातून गोठवलेल्या ४ तंगड्या थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून सकाळच्या गाडीनं आणून दिल्या. प्रत्येकी ६०० ग्रॅमच्या आसपास. लेकीनं मागच्या खेपेला दिलेला स्लो कुकर, म्हणजे विजेवर मंद आचेत तासन्‌तास शिजवणारं भांडं, अजून खोक्यातच आहे. लांबट, ६ क्वार्टचा (साधारण पावणेसहा लिटर), आत चिनी मातीचं भांडं, पुढे लो-हायचं बटण. बुडाशी १२० व्होल्ट, २४० वॅट असं लिहिलंय. भाचा म्हणतो पिन बदलली की झालं. मला धीर होत नाही.

आमच्या सासूबाई थंडीत पाया करायच्या. रात्री जेवणं आटोपली की शेगडीतले निखारे राखेनं झाकायच्या आणि वर पातेलं ठेवून द्यायच्या. सकाळी खिडकीबाहेर धुकं आणि स्वयंपाकघरात सुंठ-मिऱ्याचा वास. त्या रश्श्याचे थेंब बोटांना चिकटायचे. टर्कीची तंगडी त्याच वाटेनं जाते की कोंबडीसारखी लवकर होते, हे मला आधी कळायला हवं. आणि हातात धरल्यावर मांस हाडावरून गळून पडता कामा नये.

मोरारचा वायरमन

ताई, तुम्ही थांबलात हे फार चांगलं केलंत. नुसती पिन बदलून तो कुकर अजिबात लावू नका. पिन बदलली तरी भिंतीतून २३० व्होल्टच येणार. दाब दुपटीच्या जवळ गेला की तापणाऱ्या तारेवरचा भार जवळजवळ पावणेचार पट होतो, म्हणजे तुमचा २४० वॅटचा कुकर पावणेनऊशे वॅट ओढायला लागेल. तार जळेल, चिनी मातीचं भांडं तडकेल आणि घरात कोणी नसलं तर आग लागायची भीती.

व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, ५०० वॅटचा. २५० वॅटचा स्वस्त मिळतो, पण सलग सात-आठ तास चालवायचं तर दुप्पट ताकदीचा बरा. त्यावर कापड टाकू नका, भिंतीला टेकवू नका. तो कोमट होणारच, पण हात ठेववत नसेल इतका तापला तर बंद करा.

आणखी एक. आपल्याकडचे बरेच ट्रान्सफॉर्मर १२० नाही, ११० देतात. फरक लहान दिसतो, पण कुकर २०० वॅटवरच चालेल आणि सगळं हळू होईल. आधी नुसत्या पाण्यावर चालवून बघा. विजेच्या बिलाची काळजी करू नका, सात तासांत पावणेदोन युनिटसुद्धा होत नाहीत. तुमच्या कुकरला फिरवायचं बटण आहे ते उत्तम, टायमरच्या घड्याळाचा घोळ नाही.

ओहायोकर दादा

काकू, मी २० वर्षं इकडे आहे. टर्की दरवर्षी करतो आणि अख्ख्या पक्ष्यापेक्षा तंगड्याच जास्त करतो. तुमचा पायाचा अंदाज बरोबर आहे. कोंबडीची तंगडी कोवळ्या पक्ष्याची असते. टर्कीचा पक्षी मोठा आणि जड, सगळा भार पायांवर. तंगडीत चिवट धागे भरपूर असतात, ते विरघळून चिकट रस्सा व्हायला उष्णता लागते आणि वेळही लागतो. मांस आतून ७४ अंशांवर गेलं की खायला सुरक्षित होतं, पण तेव्हा ते चामड्यासारखं लागतं. ८५ ते ९० अंशांपर्यंत हळूहळू नेलं की मऊ पडतं. मांसात खुपसायचा थर्मामीटर घ्या, या कामात त्यावाचून चालणार नाही.

वायरमनसाहेब म्हणतात ती पाण्याची परीक्षा जरूर करा. भांडं अर्धं भरा, झाकण लावून लोवर ८ तास ठेवा आणि झाकण काढल्याबरोबर तापमान घ्या. ८५ ते ९३ अंश आलं तर कुकर चांगला आहे. त्याहून खूप कमी आलं तर त्यात मांस शिजवू नका.

गोठलेल्या तंगड्या थेट कुकरात कधीच घालायच्या नाहीत. ५ ते ६० अंशांच्या मधे मांस तासन्‌तास राहतं आणि तेवढ्यात जंतू वाढतात. फ्रीजच्या खालच्या खणात, काठ असलेल्या ताटात दोन दिवस ठेवा. ग्वाल्हेरात थंडी आहे म्हणून ओट्यावर ठेवू नका, दुपारी ऊन येतंच.

आता चवीचं. नात खाते ती तंगडी मिठाच्या पाण्यात मुरवून मग लाकडाच्या धुरावर तासन्‌तास भाजलेली असते. तिचा गुलाबी रंग त्या मुरवणीतल्या खास मिठामुळे येतो. तो रंग तुम्हाला येणार नाही, चव मात्र जवळ जाते. २ लिटर गार पाण्यात १०० ग्रॅम मीठ आणि ५० ग्रॅम गूळ विरघळवा, तंगड्या त्यात बुडवून रात्रभर फ्रीजमध्ये. पाकिटावर मिठाचं पाणी टोचलेलं आहे असं छापलं असेल तर ही पायरी सोडा, नाहीतर खारट होईल.

सकाळी कोरड्या पुसा. तळाला जाड चिरलेला कांदा, अर्धी वाटी पाणी, वर तंगड्या उलटसुलट रचा. पाणी वाढवू नका, कुकरात आटत काहीच नाही आणि मांस स्वतःचं पाणी सोडतं. पहिला तास हायवर, मग लोवर. झाकण उघडून बघितलंत की दर वेळी वीस मिनिटं तरी वाढली समजा.

हातात धरायची असेल तर साडेचार तासांनंतर एकदाच थर्मामीटर लावा. ८५ दिसलं आणि सुरी सहज गेली की काढायच्या. सात-आठ तास ठेवलंत तर मांस सुंदर होईल, पण हाड रिकामं हातात येईल.

बडोदेकर काकू

मी दांडिया बाजारातून लिहितेय. एवढा खटाटोप कशाला, हे मला खरंच कळत नाही. गावठी कोंबडा आमच्याकडे प्रेशर कुकरमध्ये अर्ध्या तासात होतो. तंगडीही होईल.

पण स्लो कुकरातच करणार असाल तर ऐका. माझ्या सुनेच्या स्लो कुकरात मी दोन वर्षं स्वयंपाक करतेय. कांदा, आलं, लसूण, मसाला सगळं आधी कढईत तेल सुटेपर्यंत परतून मगच घाला. आत परतलं जात नाही, कच्चा वास तसाच राहतो. दही शेवटच्या अर्ध्या तासात, आधी घातलंत तर फाटेल. आणि राजमा त्यात कच्चा टाकू नका, हे सगळ्यांसाठीच सांगते. आधी १० मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे. कच्च्या राजम्यात विषारी अंश असतो आणि मंद आचेवर तो जात नाही, घरभर उलट्या होतात.

धुरासाठी कोळशाची धुरी द्या. शिजलेल्या तंगड्या पातेल्यात, मधे वाटी, वाटीत लाल निखारा, त्यावर चमचाभर तूप आणि लगेच झाकण. पाच मिनिटं पुरे, जास्त ठेवलंत तर कडवट लागेल.

लष्करची आजी

बडोदेकर काकू, धुरीचं वाचून जीव भांड्यात पडला. आमच्याकडे वांग्याला देतो तशी, ती माझ्या हातातली आहे. प्रेशर कुकरचं म्हणाल तर माझ्या ५ लिटरच्या कुकरात तंगडी उभी राहत नाही आणि हाड तोडलं तर नातीच्या हातात काय द्यायचं?

ट्रान्सफॉर्मर आणला, ११० च देतो. पाण्याची परीक्षा घेतली, ८ तासांनी ८६ अंश आलं.

दादा, आता एक वेगळीच काळजी. बर्फ सुटलेली तंगडी दाबून बघितली तर खालच्या बाजूला आत काड्यांसारखं कडक लागतंय. हाडाचे तुकडे आहेत का? मुलीच्या घशात जाईल.

ओहायोकर दादा

हाड नाही, त्या मांस हाडाला बांधणाऱ्या चिवट शिरा (टेंडन) आहेत. टर्कीच्या तंगडीत त्या वयाबरोबर कडक होत जातात, हाडासारख्याच. एकेका तंगडीत डझनभर तरी निघतात. खालच्या गाठीच्या जरा वर कातडी आणि मांस सुरीनं गोल कापून घ्या. शिजताना मांस वर सरकतं आणि शिरांची पांढरी टोकं बाहेर येतात. गरम असतानाच स्वच्छ पक्कडीनं एकेक धरून सरळ ओढायची. सगळ्या निघतील असं नाही, म्हणून मुलीला आधी दाखवून ठेवा.

कातडी कुकरात रबरासारखी होते. शिरा काढल्यावर तंगड्या जाळीवर अर्धा तास कोरड्या होऊ द्या, मग लोणी, थोडा गूळ आणि काश्मिरी मिरची एकत्र करून लावा आणि ओव्हनमध्ये २२० अंशांवर १२ ते १५ मिनिटं. धुरी त्यानंतर.

तुमच्या सासूबाईंच्या शेगडीवरून एक आठवलं. हा कुकर ज्यानं काढला त्या आयर्विंग नॅक्सनला त्याच्या आईनं लिथुआनियातल्या तिच्या गावची गोष्ट सांगितली होती. ज्यू बायका शुक्रवारी संध्याकाळी पातेलं गावच्या बेकरीच्या भट्टीत नेऊन ठेवायच्या, भट्टी विझत विझत ते रात्रभर शिजायचं. त्यावरून त्यानं विजेचं भांडं केलं, १९४० मध्ये पेटंट मिळालं. १९७१ पासून तेच भांडं क्रॉक-पॉट या नावानं घराघरात गेलं.

मोरारचा वायरमन

ताई, त्या दिवशी घरात कोणीतरी थांबा. मधे वीज गेली आणि लवकर आली नाही तर वाट बघत बसू नका, सगळं पातेल्यात काढून गॅसवर पुरं करा. घरी कोणी नसताना बराच वेळ गेली असेल तर ते मांस टाकून द्या, कितीही चांगलं दिसलं तरी.

लष्करची आजी

२५ तारखेला केलं. सगळ्यांना सांगायचं म्हणून सविस्तर लिहितेय.

पहाटे साडेपाचला लावलं. वीज गेली नाही. ११० मुळे वेळ जास्त लागला. साडेदहाला थर्मामीटर लावला तेव्हा ७८ होतं, मग पुन्हा झाकून पावणेबाराला बघितलं तेव्हा ८६. सुरी लोण्यात जावी तशी गेली आणि मांस हाडाला धरून होतं. शिरांची टोकं दादांनी सांगितली तशीच बाहेर आली होती. जावयांनी पक्कड धरली आणि नात वाटीत मोजत बसली. पहिल्या तंगडीतून ९ निघाल्या, दुसरीतून ११. लेक म्हणाली, तिकडे इतकी वर्षं खाल्ली पण आत हे असतं हे माहीत नव्हतं.

ओव्हनमध्ये कातडी तांबूस झाली, चुरचुरीत मात्र पहिल्या दोनचीच. उरलेल्या दोन लगेच पाठोपाठ घातल्या, कोरड्या होऊ दिल्या नाहीत, त्या थोड्या मऊ राहिल्या. धुरी पाच मिनिटंच दिली.

मग चांदीच्या कागदात गुंडाळून मेळ्यात नेल्या. १९०५ पासून भरणारा आमचा मेळा, त्यात टर्कीची तंगडी हातात घेऊन फिरणारी माझी नात पहिलीच असावी. गार वाऱ्यात वाफा निघत होत्या. अर्धी तंगडी तिनं चालता चालता संपवली, अर्धी माझ्या हातात दिली. तिकडच्यापेक्षा कमी गोड आहे म्हणाली, आणि धुराचा वास जास्त आवडला म्हणाली.

कुकरात तळाला जमलेलं पाणी मी टाकलं नाही. मुरवणीमुळे ते खारट होतं, म्हणून त्यात तेवढंच साधं पाणी घातलं आणि मीठ अजिबात घातलं नाही. कांदा-खोबरं भाजून वाटलं, सुंठ, मिरं, घरचा मसाला घातला आणि रात्री बाजरीच्या भाकरीबरोबर रस्सा केला. बोटांना चिकटत होता. आमच्या यजमानांनी दुसरी वाटी मागितली आणि विचारलं, पाया कुठून आणलास?

दादा, एक तंगडी शिल्लक आहे, फ्रीजमध्ये झाकून ठेवलीय. नातीला परवा डब्यात हवी आहे. स्लो कुकरातच परत गरम करू का?

ओहायोकर दादा

नको काकू, स्लो कुकर गरम व्हायला फार वेळ घेतो. ओव्हनमध्ये झाकून करा, आतून ७४ अंश येईपर्यंत. आणि फ्रीजमध्ये तीन-चार दिवसांहून जास्त ठेवू नका.