शब्द हवा: खोकताना लघवी निसटू नये म्हणून बाहेरून घालायचा आधार

अनुवादिका
दादरच्या एका फिजिओथेरपी केंद्रासाठी बायकांना द्यायचं माहितीपत्रक मराठीत करते आहे. वस्तू अशी: घट्ट चड्डीसारखा कपडा, त्यात दोन पायांच्या मधल्या जागी जराशी टणक गादी. कपडा चढवला की ती गादी तिथल्या भागाला खालून वर रेटून धरते. आत काहीही घालायचं नाही. खोकताना, शिंकताना, हसताना, बादली उचलताना ज्यांची लघवी निसटते त्यांच्यासाठी. कोश बघून बघून मी 'ताण-मूत्र-असंयमासाठी परिधानयोग्य बाह्य आधार उपकरण' इथवर पोचले. केंद्रातल्या मावशींना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "हे रेल्वेचं आहे का काही?" वाचवा.

पार्लेकरीण
आधी तो 'असंयम' काढा. मराठीत संयम हा गुण आहे, आणि असंयमी म्हटलं की जिभेवर किंवा खर्चावर ताबा नसलेला माणूस. तीन बाळंतपणं झालेल्या बाईला शिंकताना दोन थेंब गेले तर त्यात तिचा कसला असंयम? कोशकारांनी संस्कृतातून तो सरळ उचलला आणि सरकारी पत्रकांनी पुढे चालवला. घरात कोणी तसं म्हणत नाही. घरात 'निसटते' म्हणतात.

फिजिओ_परळ
ताईंशी सहमत. 'ताण'ही तितकाच घातक आहे. इंग्रजीतला 'स्ट्रेस' इथे शारीरिक दाबाचा आहे, पण मराठीत ताण म्हणजे टेन्शन. 'ताणामुळे लघवी जाते' असं वाचून बाई म्हणते, हो, सासरी फार ताण असतो हो. मग मला पाच मिनिटं उलटा प्रवास करावा लागतो.

खरं काय होतं ते सांगते, शब्द त्यातूनच सापडेल. खोकला आला की पोटातला दाब एकदम वाढतो आणि तो मूत्राशयावर येतो. त्याच क्षणी मूत्रमार्ग मिटलेला राहायला हवा. बागेच्या नळीवर पाय दिला तर खाली फरशी असताना पाणी बंद होतं. खाली चिखल असेल तर नळीच रुतते आणि पाणी वाहत राहतं. मूत्रमार्गाच्या खाली स्नायूंचा आणि पडद्यांचा जो थर असतो, तो फरशीचं काम करतो. अमेरिकेतल्या डीलान्सी या डॉक्टरांनी १९९४ साली हे मांडलं आणि त्या थराला झोळीची उपमा दिली. बाळंतपणात किंवा पाळी गेल्यावर ही झोळी सैल पडू शकते. वजन वाढल्यावर, जुनाट खोकल्यात किंवा कायमच्या बद्धकोष्ठात तिच्यावरचा भार वाढतो. तुमची ती गादी त्या झोळीला बाहेरून टेकू देते, एवढंच तिचं काम.

म्हणून पत्रकात एक भेद ठळक हवा. 'खोकल्यावर निसटते' ही एक तक्रार, 'लागली की धरवत नाही' ही दुसरी. दुसरीत मूत्राशय स्वतःच अवेळी आकसतं, तिथे बाहेरच्या टेकूचा उपयोग नाही. पुष्कळ जणींना दोन्ही असतात. मराठीत हे दोन्ही वाक्प्रयोग इतके नेमके आहेत की अर्धं निदान बाईच्या बोलण्यातच होतं. आपण मात्र दोन्हींवर एकच 'मूत्र-असंयम' थापतो.

दवाबाजार
प्रिन्सेस स्ट्रीटला सर्जिकल सामानाचं दुकान आहे, म्हणून बोलतो. 'पट्टा' हा शब्द कृपया घालू नका. पट्टा मागितला की आमचा पोऱ्या कमरेचा काढतो, नाहीतर बाळंतिणीचा पोटाचा, नाहीतर हर्नियाचा. शिवाय बायका 'ते' म्हणून मागतात. 'ते' म्हणजे पॅड, डायपर का आणखी काही, हे आम्ही चेहऱ्यावरून ओळखायचं.

फिजिओ_परळ
काका, अगदी बरोबर. पोटाचा पट्टा गच्च आवळला तर दाब उलट खालीच जायचा. आणि पॅड किंवा डायपर निसटलेलं शोषतात, ही वस्तू निसटू नये म्हणून धरते. नावातून हा फरक कळलाच पाहिजे.

लालबागचा_गडी
बायकांच्या धाग्यावर बोलू का ते कळत नाही, पण यासाठी शब्द आहे की. लंगोट. तालमीत आम्ही तो कशासाठी कसतो? जोर लावताना खालच्या अंगाला आधार म्हणूनच ना?

पार्लेकरीण
बोला हो, बिनधास्त. काम तेच आहे हे खरं. पण लंगोट म्हटलं की एकीकडे लाल माती आणि दुसरीकडे तान्हं बाळ. पन्नाशीची बाई दुकानात जाऊन लंगोट मागणार नाही. आमच्या आजीच्या पिढीत 'घडी' म्हणायच्या, पण ती पाळीची, म्हणजे पुन्हा शोषणारीच.

जुनी_पोथी
एक जुना शब्द ठेवतो, पत्रकात घ्या असा आग्रह नाही. सुश्रुतसंहितेत बंधांचे, म्हणजे पट्ट्या बांधायच्या तऱ्हांचे, प्रकार दिले आहेत. त्यांत एक 'गोफणाबंध'. गुदभ्रंशात, म्हणजे गुदद्वाराचा भाग बाहेर येतो तेव्हा, तो आत सारून चामड्याचा गोफणाबंध बांधायला सांगितलं आहे. मध्ये भोक ठेवायचं, वायू सरायला. रोग वेगळा, पण कल्पना हीच: खालून बाहेरून तोलून धरायचं. आणि गोफण आपल्याकडे अजून जिवंत आहे, ज्वारीवरची पाखरं हाकायला. मधला रुंद भाग आणि दोन्हीकडे ओढणाऱ्या दोऱ्या, आकारही जुळतो.

अनुवादिका
गोफण! अंगावर काटा आला. घेऊन टाकू का?

फिजिओ_परळ
मोह मलाही झाला, पण थांबा. गोफण म्हणजे इंग्रजीत 'स्लिंग', आणि स्लिंग म्हटलं की दवाखान्यात आता शस्त्रक्रिया समजतात. मूत्रमार्गाच्या मध्याखाली जाळीची अरुंद फीत बसवतात, ती. स्वीडनच्या उल्मस्टेन यांनी ती पद्धत १९९० च्या दशकात रूढ केली. आणि मुंबईला तर स्लिंग त्याच्याही आधीपासून माहीत आहे: गर्भाशयाच्या मुखाच्या टाक्यामुळे जगभर नाव झालेले आपले विठ्ठल नागेश शिरोडकर, त्यांची अंग बाहेर येण्यावरची स्लिंग शस्त्रक्रियाही इथले स्त्रीरोगतज्ज्ञ शिकत आले आहेत. ती गर्भाशयासाठी, ही मूत्रमार्गासाठी. त्यात बाहेरून घालायच्या कपड्यालाही गोफण म्हटलं, तर बाई समजेल की ऑपरेशन करायचं आहे, आणि पळेल.

तसाच 'रिंग'चा घोळ. योनीत बसवायची सिलिकॉनची पेसरी असते, तिला सगळे रिंगच म्हणतात. ती आतून आधार देते, ही बाहेरून. म्हणून माझ्या मते नावात 'बाहेरून' राहू द्या, कितीही लांब झालं तरी.

कातरसुई
मी शिवणकाम करते. त्या गादीच्या जागेला तुम्ही सगळे 'दोन पायांमधला भाग' म्हणताय. आमच्यात तिला आसन म्हणतात. पायजम्याचं आसन फाटतं, आसनाला जोड लावतात. 'आसनाला गादी असलेली चड्डी' म्हटलं तर शिंप्यापासून गिऱ्हाइकापर्यंत कोणाला समजावं लागणार नाही, आणि लाजायलाही काही नाही.

पार्लेकरीण
मला हा सगळ्यात आवडला. फक्त फिजिओ केंद्राच्या पत्रकात 'आसन' वाचून बायका चटई घेऊन येतील.

लालबागचा_गडी
'उचलपट्टी' कसं वाटतं? खालून उचलते म्हणून.

पार्लेकरीण
उचलबांगडी आठवते. नको.

नुसतीच_वाचक
विषय सोडून आहे, पण राहवत नाही. या शहरात बाईला लघवी हा शब्द चारचौघांत उच्चारायची सोय कुठे आहे? सार्वजनिक ठिकाणी बायकांना फुकट, स्वच्छ मुताऱ्या मिळाव्यात म्हणून २०११ पासून इथे मोहीम चालली, तिचंही नाव 'राइट टू पी'. विरार लोकलला जायचं म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या बायका मी रोज बघते. 'लघवी'सुद्धा मुळात आडपडदाच, लघुशंकेतला लघु तेवढा उरलाय. आणखी किती पडदे लावणार?

फिजिओ_परळ
विषय सोडून अजिबात नाही. पाणी तोडल्याने लघवी दाट होते आणि मूत्राशय जास्तच कुरकुरतं. हेही पत्रकात घाला. आणि नाव कुठलंही ठेवा, पण कपडा म्हणजे उपचार असं वाटू देऊ नका. पहिला उपाय व्यायामच, त्या झोळीचे स्नायू आवळून सोडण्याचा. त्याचं नाव अमेरिकेच्या केगल यांच्यावरून पडलं, त्यांनी १९४८ साली तो मांडला. ब्रिटनमधली मार्गदर्शक सूत्रं निदान तीन महिने, दिवसातून तीन वेळा, दर वेळी किमान आठ आकुंचनं करायला सांगतात. 'श्रोणितलाचे स्नायू आकुंचित करा' असं लिहिलंत तर कोणी काही आवळणार नाही. 'लघवी आणि वारा एकदम रोखून धरताना जे आत वर ओढलं जातं, ते' असं लिहा. लघवी करता करता मध्येच थांबवून रोज सराव करू नये, हेही. कपडा तोवर लोकलच्या गर्दीत, जिन्यावर, नाचात उपयोगी. मुंबईच्या घामात तो दिवसभर घातला तर काचेल आणि पुरळ उठेल, म्हणून सुती अस्तराचा बघा.

अनुवादिका
सगळ्यांचे आभार. असं करते आहे:

शीर्षक: 'खोकताना, शिंकताना लघवी निसटते का?'
वस्तूचं नाव: 'बाहेरून घालायची आधार-चड्डी'.
खाली एक ओळ: 'आसनाच्या जागी असलेली गादी खालून आधार देते. ही शोषत नाही. लागली की धरवत नसेल तर हिचा उपयोग नाही, आधी आम्हाला दाखवा.'

मावशींना पुन्हा वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "किती रुपयांना?"

दवाबाजार
'आधार-चड्डी' नका करू. आधार कार्ड लिंक करायचं का, असं विचारतील. 'टेकूची चड्डी' म्हणा, किंवा नुसती 'आधाराची'.

अनुवादिका
'आधाराची चड्डी'. घेतलं.